रस्त्याचा मुलगा

आमच्या शाळेतून दहावी होऊन गेलेला एक मुलगा आता पुण्यात नोकरी करतो. मी सायकल चालवतो हे त्याला माहीत आहे, म्हणून तो मला जगभरातल्या सायकलवाल्यांचे व्हिडिओ पाठवत असतो. मागच्या थंडीत त्यानं जपानमधल्या शिकोकु बेटाचा एक व्हिडिओ पाठवला. डोंगर, दाट जंगल, आणि त्यातून जाणारा एक अरुंद रस्ता. तासाभरात मोजून चार मोटारी दिसल्या. या बेटावर जायला सायकलींसाठी एक खास मार्गही आहे. ओनोमिची ते इमाबारी, साधारण सत्तर किलोमीटर. १९९९ साली तो पुरा झाला. लहान लहान बेटांवरून, एकामागून एक पूल ओलांडत तो शिकोकुला पोचतो. सायकलवाल्यानं वाट चुकू नये म्हणून कडेनं निळी रेघ ओढलेली आहे. व्हिडिओखाली पोरानं लिहिलं होतं, ‘‘सर, आपल्या जालन्यात असं कधी होणार?’’

मी उत्तर लिहायला घेतलं आणि ते लांबतच गेलं. शेवटी त्याला एवढंच कळवलं की निळी रेघ सोडली तर बाकीचं बरंचसं आपल्याकडं आहे. त्या उत्तरातलं जे लिहायचं राहिलं, ते इथं लिहितो आहे.

जालना म्हटलं की लोकांना लोखंडाच्या सळयांचे कारखाने, बियाण्यांच्या कंपन्या, मोसंबी आणि उन्हाळ्यातले पाण्याचे टँकर आठवतात. डोंगर आणि जंगल कुणालाच आठवत नाही. पण जिल्ह्याचा नकाशा उघडून वर उत्तरेला बघा. भोकरदन तालुक्यात जमीन चढत चढत अजिंठ्याच्या डोंगररांगेला जाऊन टेकते. दक्षिणेकडून जाताना हा चढ फार जाणवत नाही. पलीकडे, उत्तरेला मात्र डोंगर एकदम तुटतो आणि खाली खानदेश दिसायला लागतो. ही रांग म्हणजे पाण्याची सीमा आहे. अलीकडे पडलेला पाऊस केळना, जुई, पूर्णा अशा नद्यांतून गोदावरीला मिळतो आणि बंगालच्या उपसागरात जातो. पलीकडे पडलेला पाऊस वाघूर नदीतून तापीला मिळतो आणि सुरतेजवळ अरबी समुद्रात जातो. एकाच ढगाचं पाणी दोन समुद्रांना. चारी बाजूंनी कापूस आणि मक्याची शेतं, आणि मधे हा झाडीचा पट्टा. समुद्र नसला म्हणून काय झालं, आमच्यापुरतं हे बेटच आहे.

गेल्या डिसेंबरात शाळेला जोडून सुट्ट्या आल्या तेव्हा मी या बेटावर जायचं ठरवलं. जालना, राजूर, भोकरदन, अन्वा, अजिंठा गाव, शिवना, धावडा, जाळीचा देव आणि बुलढाणा. तीन दिवस, वाकड्या वाटा धरून दीडशेच्या वर किलोमीटर.

घरी सांगितलं तेव्हा बायको म्हणाली, ‘‘अकेले कायकू जाते? जमाना कैसा है मालूम है ना?’’ अम्मी काही बोलल्या नाहीत. त्यांनी फक्त आधार कार्डाची झेरॉक्स प्लास्टिकच्या पिशवीत घालून माझ्या बॅगेत ठेवली. एका शेजाऱ्यानं सल्ला दिला, ‘‘सर, दाढी थोडी बारीक करून जा.’’ तो चेष्टेत म्हणाला होता. मीही हसलो. पण दोघांनाही ठाऊक होतं की ही सगळीच चेष्टा नव्हती.

शांत रस्ते शोधणारे लोक रस्त्यावर गाड्या किती, खड्डे किती, चढ किती ते मोजतात. आमच्या घरात आणखी एक गोष्ट मोजली जाते. त्या रस्त्यावरच्या गावांत आपलं नाव सांगितल्यावर काय होईल?

इथं अब्बांबद्दल सांगायला हवं. अब्बांचं जुन्या जालन्यात सायकलचं दुकान होतं. दुकान म्हणजे पत्र्याचं शेड, दारात पाण्याचं घमेलं, भिंतीला टांगलेले टायर आणि भाड्यानं द्यायच्या अकरा सायकली. प्रत्येकीच्या मडगार्डवर पांढऱ्या रंगानं नंबर घातलेला. तासाला पन्नास पैसे. वहीत नाव लिहायचं, वेळ लिहायची आणि सायकल न्यायची. अनामत नाही, ओळखपत्र नाही. ओळखीचं पोरगं असेल तर सहीसुद्धा नाही. अर्धं शहर अब्बांच्या सायकलींवर पडत-झडत सायकल शिकलं. शाळेतून आलो की मी पंक्चर काढायचो. ट्यूब पाण्यात दाबायची, बुडबुडा कुठून येतो ते बघायचं, घासकागदानं घासायचं, सोल्यूशन लावायचं, फुंकर मारून वाळू द्यायचं आणि मग रबराचा तुकडा बसवायचा. सोल्यूशन ओलं असताना घाई केली की अब्बांचा हात डोक्यावर पडायचा. रिमचा आऊट काढायला मात्र त्यांनी मला शेवटपर्यंत बसू दिलं नाही. ‘‘तू किताबां पढ,’’ म्हणायचे. त्याच घमेल्याच्या पैशावर मी डी.एड. केलं, पुढं बी.एड. केलं, आणि आज उर्दू माध्यमाच्या शाळेत मुलांना मराठी आणि उर्दू शिकवतो.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे ‘पंक्चरवाले’ हा शब्द. गेल्या काही वर्षांत मोबाईलवर तो आमच्यासाठी शिवी म्हणून वापरला जातो. कुणी मुसलमान माणूस काही बोलला की खाली कुणीतरी लिहितं, जा, पंक्चर काढ. माझ्या वर्गातल्या पोरांनीही तो वाचलेला असतो. एकदा आठवीतल्या एकानं विचारलं, ‘‘सर, पंक्चर काढणं वाईट असतं का?’’ मी त्याला विचारलं, ‘‘तुझ्या सायकलचं पंक्चर झालं तर काय करशील?’’ तो म्हणाला, ‘‘दुकान शोधीन.’’ मी म्हटलं, ‘‘आणि दुकान सापडलं की कसं वाटेल?’’ पोरगं हसलं. तेवढ्यावर तास संपला, पण तो प्रश्न माझ्या मनातून गेला नाही.

पहिल्या दिवशी फजरनंतर निघालो. सायकल गिअरची आहे, पण सेकंडहँड. सीटखालच्या पिशवीत अब्बांचा पाना, दोन चिमटे, घासकागद आणि सोल्यूशनची ट्यूब. राजूरपर्यंतचा रस्ता ओळखीचा. चतुर्थीला, त्यातही अंगारकीला, राजूरच्या गणपतीला जाणाऱ्यांनी तो रात्रभर भरून वाहतो. एरवीच्या दिवशी सकाळी दुधाच्या गाड्या, एसटी आणि शाळेची पोरं. राजूर ओलांडलं की वाहतूक पातळ होते. कापसाची शेवटची वेचणी चालू होती, हरभरा घोट्याएवढा झाला होता. तासाभरानं लक्षात आलं की मला माझ्या चेनचा आवाज ऐकू येतो आहे. सायकलवाल्यासाठी शांततेची खूण हीच. स्वतःच्या चेनचा आवाज ऐकू आला की रस्ता चांगला.

भोकरदन हे आज तालुक्याचं साधं गाव दिसतं. पण याचं जुनं नाव भोगवर्धन, आणि ते सांचीच्या स्तूपाला दान देणाऱ्यांच्या शिलालेखांत कोरलेलं आहे. पैठण आणि तेरकडून उज्जैनला जाणारा व्यापारी मार्ग इथून जायचा. १९७३ मध्ये नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी इथं उत्खनन केलं, तेव्हा हस्तिदंताची एक बाईची मूर्ती सापडली. तशीच एक मूर्ती १९३८ मध्ये इटलीतल्या पॉम्पेई शहराच्या राखेखाली मिळाली होती. पॉम्पेई गाडलं गेलं इसवी सन ७९ मध्ये. काही अभ्यासकांना वाटतं की तिथली मूर्ती आपल्या भोकरदनकडच्या कारागिरांनी घडवलेली असावी. म्हणजे ज्या रस्त्यावर मी घाम पुसत चहा पीत होतो, त्या रस्त्यावरून दोन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी हस्तिदंत कापसात गुंडाळून बंदराकडे नेलं असेल. त्याचं नाव कुणी विचारलं असेल का, आणि कसं विचारलं असेल, हा विचार तेव्हा मनात आला.

दुपारी आडवळणानं असईला गेलो. २३ सप्टेंबर १८०३ रोजी केळना आणि जुई या नद्यांच्या मधल्या पट्ट्यात शिंदे-भोसल्यांची फौज आणि आर्थर वेलस्ली यांची लढाई झाली. वेलस्लीकडची दीड हजारांहून जास्त माणसं मेली किंवा जखमी झाली. पुढं वॉटर्लू जिंकून जगप्रसिद्ध झाल्यावरही तो असईलाच आपली सर्वांत मोठी कामगिरी मानायचा. या लढाईतली एक गोष्ट वाट शोधणाऱ्या प्रत्येकानं लक्षात ठेवावी अशी आहे. नदीला उतार नाही, असं वाटाड्यांनी वेलस्लीला सांगितलं होतं. पण नदीच्या दोन काठांवर दोन गावं समोरासमोर त्याला दिसली. इतकी जवळची गावं एकमेकांकडं गेल्या-आल्याशिवाय राहणार नाहीत, म्हणजे मधे पायउतार असणारच, असा त्यानं अंदाज बांधला आणि तो खरा निघाला. त्यानं तो लढाईसाठी वापरला. मी मात्र तो साध्या कामासाठी वापरतो. मोबाईलच्या नकाशात रस्ता दिसत नसला तरी दोन गावं जवळजवळ दिसली की मधे वाट आहे असं समजून निघतो. आजवर बहुतेक वेळा वाट सापडली आहे. लग्नं, बाजार, दवाखाना, दळण, उसनवारी. माणसं एकमेकांकडं जात राहिली म्हणून या वाटा टिकल्या.

रात्री भोकरदनला एका शिक्षक मित्राकडं मुक्काम केला. त्यांच्या वहिनींनी बाजरीची भाकरी, मेथीची भाजी आणि ठेचा वाढला. मांसाहारी घर नाही, म्हणून त्या तीनदा म्हणाल्या, ‘‘भाऊजी, काही खास करता आलं नाही.’’ दिवसभराच्या सायकलीनंतर त्या ठेच्याहून खास काय असणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी अन्व्याच्या दिशेनं निघालो, तेव्हा रस्ता सायकलींनी भरलेला होता. शाळेच्या मुली. चार-चार, पाच-पाचच्या घोळक्यानं, दोन वेण्या, पाठीवर दप्तर, जोरजोरात गप्पा. शासनाच्या मानव विकास कार्यक्रमात आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली मिळतात. आपल्या ग्रामीण रस्त्यांवर रोज नियमानं सायकल चालवणारं आता कोण उरलं असेल, तर या मुली. आमच्या पिढीचे मास्तर लोक केव्हाच मोटारसायकलवर गेले. या मुलींचे कुणी व्हिडिओ काढत नाही, पण रस्ता त्यांनी धरून ठेवला आहे. मुली बिनघोर जातात तो रस्ता कुठल्याही परक्यासाठी चांगला असतो, हा माझा दुसरा नियम.

त्यातल्या एकीची सायकल कडेला उभी होती. बाभळीचा काटा. तिच्या मैत्रिणी तिला मागं बसवून न्यायच्या तयारीत होत्या, पण मग सायकल कुठं ठेवायची हा प्रश्न होता. मी थांबलो. चिमट्यानं टायर उघडला, शेजारच्या शेतातल्या पाटात ट्यूब बुडवली. काटा अजून आतच होता. दहा-बारा मिनिटांचं काम. मुली गोल करून बघत होत्या. सोल्यूशन वाळत असताना एकीनं विचारलं, ‘‘काका, तुम्ही पंक्चरवाले का?’’

मी म्हटलं, ‘‘हो.’’

तिच्या प्रश्नात काहीच नव्हतं. साधा, सरळ प्रश्न होता, जसा ‘तुम्ही डॉक्टर का’ असतो. किती दिवसांनी हा शब्द मी त्याच्या खऱ्या अर्थानं ऐकला! मुलीनं दप्तरातून दहा रुपये काढले. मी घेतले नाहीत, तर तिनं डब्यातलं एक पेरू माझ्या पिशवीत टाकलं आणि पाचही जणी घंटा वाजवत निघून गेल्या. शिकोकु बेटावर अठ्ठ्याऐंशी देवळांची बाराशे किलोमीटरची जुनी यात्रा आहे. तिथल्या गावकऱ्यांत वाटसरूला काहीतरी हातावर ठेवायची रीत आहे. फळ, चहा, चार नाणी. त्याला ते ‘ओसेत्ताई’ म्हणतात. आपल्याकडं त्याला नाव नाही. ‘‘घ्या की सर, घरचंच आहे’’ एवढंच म्हणतात.

अन्व्याला बाराव्या शतकाच्या सुमाराचं दगडी देऊळ आहे, लोक त्याला मठ म्हणतात. खांबांवरचं कोरीव काम बघायला अजिंठ्याची गर्दी इकडं वळत नाही. तिथल्या पारावर बसून पेरू खाल्लं आणि अजिंठा गावाकडं निघालो. इथपासून टेकड्या जवळ येतात. अजिंठा गावात जुन्या तटाच्या आत ओळखीच्यांकडं राहिलो. लेणी तिथून दहा-अकरा किलोमीटरवर, घाट उतरून वाघूरच्या दरीत आहेत. मोठ्या रस्त्यावरून बसेसच्या रांगा तिकडं चालल्या होत्या. मी यावेळी लेण्यांकडं वळलो नाही.

तिसऱ्या दिवसाचा रस्ता सगळ्यात सुंदर. अजिंठा, शिवना, धावडा, जाळीचा देव. डोंगराच्या माथ्यावरून रस्ता जातो. सागाची पानं गळायला लागली होती. सालई, पळस, आणि धावडा. गावाचं नाव तेच, झाडाचं नाव तेच. एका बाजूला मिरच्या वाळत घातलेली लाल खळी. भोकरदन तालुक्यातल्या पिंपळगाव रेणुकाईच्या मिरचीच्या बाजाराचं नाव लांबवर आहे. दुसऱ्या बाजूला जंगल. याच रांगेच्या पुढच्या टोकाला, बुलढाण्यापलीकडं, ज्ञानगंगा अभयारण्य आहे. २०१९ मध्ये यवतमाळच्या टिपेश्वरहून निघालेला एक तरुण वाघ पाच-सहा महिन्यांत तेराशे किलोमीटर चालून तिथं पोचला होता. गळ्यात रेडिओ कॉलर होता म्हणून कळलं. शेतं, नाले, रस्ते ओलांडत तो आला आणि जवळपास कुणाला दिसलाही नाही. शांत रस्ता कसा शोधायचा हे त्याच्याकडून शिकावं. पण त्याला थांबवून नाव विचारणारं कुणी नव्हतं.

मला मात्र विचारलं. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण असं कुठंही होऊ शकतं आणि कुठं नाहीही होत. पाणी भरायला हातपंपावर थांबलो होतो. मोटारसायकलवर दोन पोरं आली, वीस-बावीस वर्षांची. एकाच्या हातात मोबाईल, समोर धरलेला. कुठून आलात? कुठं चाललात? सायकलवर कशाला? आणि मग, नाव काय? मी पूर्ण नाव सांगितलं. थोडा वेळ कुणीच बोललं नाही. फक्त हातपंपाचं पाणी पडत होतं. बॅगेतल्या झेरॉक्सची मला आठवण झाली, पण मी ती काढली नाही. मी म्हटलं, ‘‘जालन्याला शिक्षक आहे. मराठी शिकवतो.’’

‘‘मराठी?’’ मोबाईल खाली आला. ‘‘तुम्ही मराठी फार चांगलं बोलता.’’

हे वाक्य आपल्यातल्या प्रत्येकानं ऐकलेलं आहे. बोलणारा मनापासून कौतुक करत असतो, म्हणून त्यावर काही बोलता येत नाही. मी म्हटलं, ‘‘तुम्हीपण.’’ एक जण हसला. दुसऱ्याला कळायला थोडा वेळ लागला. मग पहिल्यानं सांगितलं की त्याची बहीण डी.एड. करते आहे, शिक्षक भरती कधी निघणार? भरतीवर दहा मिनिटं बोललो. मी निघालो तेव्हा ती दोघं मोटारसायकल हळू चालवत माझ्यामागं आली, गावाची शीव येईपर्यंत. मग हात करून वळली. ती मला सोडायला आली होती की मी गेल्याची खात्री करायला, हे मी आजही ठरवू शकलेलो नाही.

पुढच्या चढावर हेच डोक्यात होतं. भाषा मला पासपोर्टसारखी दाखवावी लागली. पंक्चर काढताना ती दाखवावी लागली नव्हती. तिथं हाताला येणारं काम पुरेसं होतं.

जाळीचा देव हे महानुभावांचं स्थान. जाळी म्हणजे दाट झुडूप. काळे कपडे घातलेले साधू आणि बाया-माणसं शांतपणे ये-जा करत होती. मी बाहेर सावलीत बसलो. मराठीचा शिक्षक म्हणून चक्रधरस्वामींशी माझं नातं वर्गातलं आहे. ‘लीळाचरित्र’ हा तेराव्या शतकातला ग्रंथ, मराठी गद्याची सुरुवात आम्ही तिथून शिकवतो. परंपरा सांगते की चक्रधर मूळचे गुजरातचे, भडोचचे. बाहेरून आले, या मुलखात पायी फिरले, रानात, गुंफांत, ओसाड देवळांत राहिले, आणि इथल्या साध्या माणसांशी त्यांच्याच भाषेत बोलले. ते जिथं जिथं थांबले त्या जागांची नोंद पुढं चौदाव्या शतकात ‘स्थानपोथी’त झाली. अमुक गाव, गावाच्या अमुक दिशेला देऊळ, तिथं अमुक ठिकाणी आसन. आज आपण ज्याला मार्गदर्शिका म्हणतो, ती मराठीत सहा-सातशे वर्षांपूर्वीच तयार आहे. आणि ती एका पायी फिरणाऱ्या, दुसऱ्या मुलखातून आलेल्या माणसाच्या वाटेची आहे. त्यांना कुणी म्हणालं असेल का, ‘तुम्ही मराठी फार चांगलं बोलता’? आमची तर निदान पन्नास पिढ्यांची माती इथली आहे. पण भाषा कुणाची, हे जन्मावरून ठरत नाही हे या डोंगरात बसून फार सोपं वाटलं. जो तिच्यात बोलतो आणि तिच्यातून लोकांकडं जातो, त्याची ती.

जोहर तिथंच एका झाडाखाली पढलो. प्रवासात चार रकातींची नमाज दोन होते. आपल्याकडचे हनफी उलेमा त्यासाठी अठ्ठेचाळीस मैल, म्हणजे सत्याहत्तर-अठ्ठ्याहत्तर किलोमीटरच्या सफरीचा हिशेब धरतात. मूळ माप मात्र तीन दिवसांच्या चालीचं. मोटारीत बसून दीड तासात हे अंतर कापलं की ही सवलत थोडी अवघडल्यासारखी वाटते. सायकलवर तिसऱ्या दिवशी, मांड्या दुखत असताना, तिचा अर्थ कळतो. जकात कुणाला द्यावी याची आठ जणांची यादी आहे, त्यात ‘इब्नुस्सबील’ येतो. भाषांतरात आपण ‘वाटसरू’ म्हणतो. शब्दशः अर्थ आहे, रस्त्याचा मुलगा. घरापासून लांब असलेल्या माणसाला तेवढ्यापुरता रस्ता हाच बाप. रस्त्यावरची माणसं त्याला खाऊपिऊ घालणार, त्याची सायकल दुरुस्त करणार, त्याला पुढची वाट दाखवणार, हे त्यात धरलेलं आहे.

समृद्धी महामार्ग आपल्या जिल्ह्यातून जातो. नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटर, जून २०२५ पासून पूर्ण खुला. त्यावर सायकलला आणि मोटारसायकलला मनाई आहे, आणि वेग बघता ते बरोबरच आहे. त्याबद्दल माझी तक्रार नाही. आजारी माणूस लवकर मोठ्या दवाखान्यात पोचत असेल तर चांगलंच. पण त्या रस्त्यावर कुणी कुणाला भेटत नाही. तिथं नाव विचारलं जात नाही, तसा पेरूही मिळत नाही. आपण जर सगळेच तिकडून जायला लागलो, तर इकडच्या रस्त्यांवर अनोळखी माणूस दिसणंच बंद होईल. मग जो दिसेल त्याचा संशयच येणार. हातपंपावरच्या त्या दोन पोरांनी दाढीवाला मास्तर सायकलवर याआधी पाहिला असता, तर कदाचित मोबाईल खिशातच राहिला असता.

म्हणून त्या पुण्यातल्या मुलाला मी सांगितलं आहे की दिवाळीनंतर ये. या रस्त्याला नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस चांगले. मार्चनंतर ऊन सोसत नाही. भोकरदनच्या पुढं उशिरा संध्याकाळी सायकल चालवायची नाही, बिबट्याचा भाग आहे. पाण्याच्या दोन बाटल्या आणि दोन जास्तीच्या ट्यूब घ्यायच्या, कारण बाभळीचे काटे सगळीकडे आहेत. पंक्चरचं दुकान राजूरला आहे, भोकरदनला आहे, अजिंठ्यात आहे. दुकानदार बहुतेक आपल्यातलेच निघतील, आणि थांबलास तर चहा पाजल्याशिवाय सोडणार नाहीत. बुलढाण्याहून चिखली, देऊळगावराजामार्गे टेम्पोत सायकल टाकून परत येता येतं. मी तसाच आलो. आधारची झेरॉक्स पिशवीतून न काढताच घरी आली, आणि अम्मींनी ती परत कपाटात ठेवली. पुढच्या वेळी लागेल म्हणून.

मुलानं विचारलं, ‘‘सर, एकटा येऊ की मित्रांना आणू?’’ त्याचे मित्र कोण आहेत, कुठल्या नावांचे आहेत, हे मी विचारलं नाही. म्हटलं, ‘‘आण. पण पंक्चर काढायला शिकून या सगळे.’’